पंप-रिमोटच्या नोंदी: टीईए, एक्सटीईए आणि तात्यांची विहीर

५ जानेवारी २०२५, रविवार

खानापूर तालुक्यात, तात्यांच्या मळ्यात जाऊन आलो. मोटर जळाली. विहिरीचा फूटव्हॉल्व्ह दुरुस्तीला काढून ठेवलेला, म्हणून तात्यांनी पंप बंद ठेवला होता. थ्री फेज रात्रीच्या पाळीत आली. बांधापलीकडच्या शेतकऱ्याने घरातून आपला रिमोट दाबला, त्याचा पंप चालू झाला आणि सोबत तात्यांचाही. सकाळपर्यंत कोरडाच फिरत होता. आधी सील गेलं, मग वायंडिंग.

"भुताटकी म्हणायची की काय ओ ही?" तात्या विचारत होते. भुताटकी नव्हे. दोघांनी एकाच दुकानातून तयार रिमोटचा डबा आणलेला. डबे उघडून बघितले, तर पत्ता ठरवायचे आठही जंपर दोन्हींत मोकळेच. कारखान्यातून आले तसे बसवले. बटण दाबलं की दर वेळी तोच आकडा हवेत जातो. जंपर बदलले असते तरी तो आकडा कुणीही पकडून पुन्हा वाजवू शकलाच असता.

तात्यांना म्हटलं, मी करून देतो. बोलून बसलो.

८ जानेवारी, बुधवार

बेळगावच्या उद्यमबागेतल्या शेडमध्ये संध्याकाळी मांडामांड. पंपाकडे स्टार्टरच्या पेटीत एटीटायनी२३१३ ही चिप. जुन्या ऑर्डरच्या चाळीस चिपा खणात पडून आहेत, त्या खपवायच्याच. घरच्या बाजूला सध्या रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. मधे लोरा, म्हणजे कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे कमी ताकदीला परवान्याविना चालतो. मळा ते घर दीड किलोमीटर, मधे उसाचा फड. पोच चांगली आली.

आज्ञा गुप्त करायची म्हणजे ब्लॉक सायफर लागणार: ठरावीक लांबीचा तुकडा आणि किल्ली आत घालायची, तेवढ्याच लांबीचा गोंधळ बाहेर येतो, आणि किल्ली असली की उलटा फिरवता येतो.

१२ जानेवारी, रविवार

भाचा आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे मत पक्कं. "मामा, सायफर एईएस टाकूया की. बँकेपासून वायफायपर्यंत सगळीकडं तेच."

बरोबर आहे त्याचं. २००१पासून ते अमेरिकेचं अधिकृत प्रमाण आहे, आणि जागा असेल तर दुसरं काही शोधूच नये. पण या चिपेत प्रोग्रामला २०४८ बाइट आणि रॅम १२८ बाइट. रेडिओ आणि स्टार्टरचा कोड अकराशे बाइट खाऊन बसलाय. एईएसचा नुसता अदलाबदलीचा तक्ता २५६ बाइटांचा. त्याने हट्टाने बसवून बघितलं. कंपायलरने जागा नाही म्हणून हात वर केले. तेव्हा गप्प झाला, पण फार वेळ नाही.

मग मी टीईए काढलं. समोरच्या लेथवरचा माणूस म्हणतो, "टी म्हणजे च्या काय?" नाव तसंच आहे खरं: टायनी एन्क्रिप्शन अल्गोरिदम, म्हणजे चिमुकला सायफर. केंब्रिजच्या कॉम्प्युटर लॅबोरेटरीतल्या डेव्हिड व्हीलर आणि रॉजर नीडम यांनी तो १९९४मध्ये बेल्जियमच्या ल्युव्हन गावातल्या परिषदेत मांडला. व्हीलर म्हणजे एडसॅक या अगदी सुरुवातीच्या संगणकाच्या काळातला माणूस. एडसॅकवर मेमरी शब्दाशब्दाने मोजून वापरावी लागे. आमच्या चिपेला तोच स्वभाव हवा.

त्याआधीचं डीईएस हे १९७७चं प्रमाण. त्यात बिटांची इतकी उलथापालथ आहे की हार्डवेअरमध्ये ती नुसत्या तारा आडव्यातिडव्या नेऊन होते, सॉफ्टवेअरमध्ये मात्र घाम काढते. टीईएत तक्ता नाही, उलथापालथ नाही. फक्त बेरीज, एक्सॉर (दोन बिट वेगळे असले तर एक, सारखे असले तर शून्य) आणि डावी-उजवीकडे सरकवणं. ६४ बिटांचा ब्लॉक ३२-३२चे दोन अर्धे करायचा, एका अर्ध्यावरून दुसऱ्यात भर घालायची, मग दुसऱ्यावरून पहिल्यात. हे एक चक्र. अशी ३२ चक्रं. लेखकांनी स्वतःच लिहिलं होतं की सोळा पुरतील बहुतेक, पण आम्ही बत्तीस सुचवतो. किल्ली १२८ बिटांची.

दर चक्रात एक ठरलेला आकडा मिळवत जातात: २६५४४३५७६९. भाच्याला वाटलं मी कुठूनतरी उचलला. २ चा ३२वा घात भागिले सुवर्ण गुणोत्तर, म्हणजे १.६१८०३३९... कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. सायफरात असा नावगाववाला आकडा घेण्यामागे सरळ कारण असतं: मनाने निवडला असता तर त्यात कुणी चोरवाट ठेवली की काय, हा संशय राहतो.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

तिळगूळ खात खात टीईएची खोड बघितली. भाच्याने यादृच्छिक किल्ली काढली आणि 'पंप चालू' ही आज्ञा बंद करून घेतली. मग मी किल्लीच्या पहिल्या ३२-बिट शब्दाचा सगळ्यात वरचा बिट उलटा केला. बाहेर आलेला गोंधळ वेगळा. मग दुसऱ्या शब्दाचाही वरचा बिट उलटा केला. गोंधळ परत पहिल्यासारखाच, बाइटाला बाइट जुळला.

"हे काय हो मामा? किल्ली दुसरी आणि कुलूप तेच उघडतंय!"

कारण कागदावर दोन ओळींत दिसतं. टीईएत किल्लीचा पहिला शब्द एका पदात मिळवतात, दुसरा दुसऱ्या पदात, आणि मग पदं एकमेकांत एक्सॉर करतात. बेरजेत सर्वांत वरचा बिट उलटला तर हातचा पुढे जायला जागाच नसते. फक्त तो एक बिट उलटतो. दोन्ही पदांत तो उलटला की एक्सॉरमध्ये दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. तिसऱ्या-चौथ्या शब्दांचंही तसंच. म्हणजे प्रत्येक किल्लीच्या तीन सख्ख्या बहिणी, आणि १२८ बिट म्हणायचे पण खरे १२६.

दोन बिट गेल्याने किल्ली शोधणाऱ्याला फारसा फायदा होत नाही. फटका बसतो तो सायफर भलत्या कामाला जुंपला की. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्स या गेमयंत्रात सुरुवातीच्या कोडची तपासणी फसली, तेव्हा सुधारित यंत्रात त्यांनी टीईए हॅशसारखा, म्हणजे मजकुराचा छोटा ठसा काढायला वापरला, म्हणजे तपासायचा मजकूर किल्लीच्या जागी बसला. मग कोडमधल्या दोन शब्दांचे वरचे बिट उलटले तरी हॅश तोच. हॅकरांनी असा बदल केला की प्रोग्रामची उडी भलतीकडे, त्यांना हवी तिथे गेली. खोड १९९६-९७पासून छापील होती, यंत्र त्यानंतरचं. एवढ्या मोठ्या कंपनीत कुणी वाचलं नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही, पण झालं खरं.

तात्यांकडे टीईए नाही. एक्सटीईए.

१९ जानेवारी, रविवार

एक्सटीईए म्हणजे त्याच दोघांनी १९९७मध्ये केलेली डागडुजी. त्या वर्षी केल्सी, श्नायर आणि वॅग्नर यांनी टीईएवर नात्यातल्या किल्ल्यांचा हल्ला दाखवला होता. एकमेकींशी ठरावीक फरक असलेल्या किल्ल्यांखाली काम करून घेता आलं, तर २ च्या २३व्या घाताएवढ्या निवडलेल्या मजकुरांत किल्ली हाताला लागते. दुरुस्ती अशी की किल्लीचे चार शब्द ठरलेल्या जागी न वापरता चालू बेरजेचे बिट बघून कुठला घ्यायचा ते ठरवायचं. एका अर्ध्यासाठी खालचे दोन बिट, दुसऱ्यासाठी बेरीज अकराने सरकवून. कोड जवळपास तेवढाच राहतो. पूर्ण ६४ फेऱ्यांच्या (एका चक्रात दोन फेऱ्या) एक्सटीईएला व्यवहारात कुणी मोडलेलं नाही.

अकराने सरकवणं मात्र ८-बिटी चिपेला जड. आठ म्हणजे एक बाइट हलवला की झालं, उरलेले तीन एकेक करून. तरी ८ मेगाहर्ट्झवर एक ब्लॉक दीड मिलिसेकंदाच्या आसपास होतो. मोटरीच्या काँटॅक्टरला ओढायला त्याहून जास्त वेळ लागतो.

भाचा आता स्पेक नावाचा सायफर घेऊन आलाय. २०१३मध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेने काढलेला, याहून वेगवान. आहे वेगवान. पण २०१८मध्ये हलक्या सायफरांच्या आयएसओ प्रमाणात त्याला जागा मिळाली नाही, आणि कारण मुख्यतः काढणाऱ्यावरचा अविश्वास. मी नको म्हटलं. खरं सांगायचं तर त्यामागे गणितापेक्षा माझी सवय जास्त आहे.

२६ जानेवारी, रविवार

पंप शेडमधल्या टेबलावर, पाण्याच्या पिंपात. पहिल्यांदा चालू-बंद झालं. भाच्याने दोन कप चहा पिऊन होईतो तिसऱ्या रेडिओवर पॅकेट पकडलं आणि जसंच्या तसं परत सोडलं. पंप चालू. किल्ली त्याच्याकडे नाही, आत काय लिहिलंय ते माहीत नाही, तरी चालू. म्हणजे तात्यांच्या जुन्या डब्याचीच गत, फक्त आकडा जास्त घाणेरडा दिसतो.

मोजणी हवी. दर आज्ञेला चार बाइटांचा क्रमांक, आणि मागच्या क्रमांकापेक्षा मोठा असेल तरच ऐकायचं.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. काल रात्री पायचं मेमरी कार्ड मेलं. नवीन कार्डावर नवी प्रणाली टाकली, कोड तोच परत कंपाइल केला. पंप ऐकेना. रेडिओ बदलला, अँटेना बदलली, किल्ली दोनदा तपासली. पायवर बंद केलेलं पायवर उघडून बघितलं तर बरोबर उघडतं. चिपेवर बंद केलेलं चिपेवर उघडतं. एकमेकांचं उघडत नाही. दोन भाऊ, दोघेही शहाणे, एकमेकांशी बोलत नाहीत.

शेवटी किल्ली शून्य, मजकूर शून्य ठेवून दोन्हीकडे उत्तर काढलं. एक्सटीईएचं याचं उत्तर सगळीकडे छापलेलं असतं. भाचा हॉस्टेलवर होता, त्याला फोनवर चिपेवरचे बाइट वाचून दाखवले: डीई, ई९, डी४, डी८, एफ७, १३, १ई, डी९. "बरोबर आहे मामा, तेच." पायवरचं पहिल्या बाइटापासून वेगळं.

तेव्हा डोक्यात आलं. आम्ही उचललेला जुना सी कोड, त्यात आकडे 'अनसाइन्ड लाँग' म्हणून घेतलेले. त्या काळी ते बहुतेक ठिकाणी ३२ बिट. आमच्या चिपेवर आजही ३२. जुन्या कार्डावरची प्रणाली ३२-बिटी होती, तिथेही ३२. नव्या कार्डावरची ६४-बिटी लिनक्स, तिथे तोच 'लाँग' ६४ बिटांचा. चार बिटांनी डावीकडे सरकवलं की वरून सांडायला हवे ते बिट सांडतच नाहीत, वर जाऊन बसतात आणि उजवीकडे सरकवताना परत खाली उतरतात. सायफर चालतो, पण तो एक्सटीईए नसतो, त्याचा कुणीतरी चुलतभाऊ असतो. आणि स्वतःचं स्वतः उघडतो, म्हणून आमची चाचणी पास होत राहिली.

सगळीकडे ठाम ३२ बिटांचा प्रकार लिहिला. आठ ओळी बदलल्या. पंप चालू. रात्रीचे पावणेदोन. घरी कुंदा ठेवला होता तो उभ्याउभ्याच संपवला.

यापुढे शून्याची चाचणी सुरुवातीलाच, दर वेळी, दोन्हीकडे.

९ फेब्रुवारी, रविवार

पंपाकडून दर मिनिटाला माहिती यायची: तीन फेजचे व्होल्ट, करंट, पाणी येतं की नाही. आठ बाइट पुरतात. क्रमांक बंद करून निघालेला गोंधळ मजकुरात एक्सॉर करायचा, ही काउंटर पद्धत. फायदा असा की सायफर फक्त बंद करायच्या दिशेने लागतो, उघडायचा कोड चिपेत ठेवायलाच नको. ती जागा वाचली.

तोटा भाच्याने दहा मिनिटांत शोधला. पकडलेल्या पॅकेटचा एकच बिट उलटा केला. आत तोच बिट उलटला, आणि 'बंद'चं 'चालू' झालं. गुप्त राहिलं, पण खरं राहिलं नाही. म्हणून दुसऱ्या किल्लीने शिक्का लावला: डबा क्रमांक, मोजणी आणि गोंधळ मिळून दोन ब्लॉक, साखळीने एक्सटीईएतून काढायचे आणि शेवटचे चार बाइट सोबत पाठवायचे. हा शिक्का लांबी ठरलेली असली तरच भरवशाचा. आमची लांबी कधी बदलत नाही. पॅकेटला पन्नास मिलिसेकंद धरले तर चार बाइटांचे सगळे अंदाज करून बघायला साडेसहा वर्षांच्या वर लागतील. तोवर ऊस किती वेळा गाळपाला जाईल.

भाच्याचा पुढचा प्रश्न चांगला होता: ब्लॉक फक्त ६४ बिटांचा, चालेल का? २०१६मध्ये 'स्वीट३२' या नावाने दाखवलेलं आहे की एकाच किल्लीने २ च्या ३२व्या घाताएवढे ब्लॉक, म्हणजे ३२ गिगाबाइट, गेले की ६४-बिटी सायफर माहिती गळू लागतो. वेबसाइटला ते दिवसांत होतं. आमचे मिनिटाला तीन ब्लॉक. दिवसाला ४३२०. हिशेब केला तर सत्तावीसशे वर्षं निघाली.

१६ फेब्रुवारी, रविवार

ईईप्रॉम, म्हणजे चिपेतली वीज गेली तरी टिकणारी मेमरी. वीज गेली तरी मोजणी विसरता कामा नये, आणि आपल्याकडे वीज जाणार हे गृहीत. पण त्या मेमरीला एका जागी एक लाख लेखनांची हमी असते. दर मिनिटाला लिहिलं तर एकोणसत्तर दिवसांत हमी संपते. म्हणून माहितीची मोजणी चौसष्टात एकदा लिहायची, आणि वीज आल्यावर चौसष्ट पुढे उडी मारायची, म्हणजे जुना क्रमांक चुकूनही दोनदा वापरला जात नाही. दोनदा वापरला तर काउंटर पद्धतीत दोन मजकूर एकमेकांवर ठेवून वाचता येतात.

आलेल्या आज्ञेचा क्रमांक मात्र प्रत्येक वेळी लिहायचा. तिथे चौसष्टाची काटकसर केली तर वीज गेल्यावर जुन्या आज्ञा परत खऱ्या ठरतील. दिवसाला दहा आज्ञा धरल्या तरी सत्तावीस वर्षं. हे मी आधी दोन्हीकडे सारखंच लिहून ठेवलं होतं. भाच्याने पकडलं. त्याला सांगितलं नाही, पण इथे लिहितो.

२३ फेब्रुवारी, रविवार

किल्ल्या. तात्या म्हणतात, "ध्यानात राहील असं कायतरी टाक की. माझ्या मोटरसायकलचा नंबर टाक." लॅपटॉपच्या यादृच्छिक स्रोतातून काढल्या, डब्याला दोन, एकूण बत्तीस बाइट.

किल्ली कुठे ठेवायची, यावरून एक्सएक्सटीईए आठवलं. व्हीलर-नीडम जोडीचं तिसरं अपत्य, १९९८चं. मधे एक 'ब्लॉक टीईए' होता, त्यावर सारिनेन यांनी हल्ला दाखवला, त्याची ही दुरुस्ती. यात ब्लॉक हवा तेवढा लांब घेता येतो. २०१०मध्ये यार्कोव्ह यांनी त्यालाही भोक पाडलं, पण २ च्या ५९व्या घाताएवढे निवडलेले मजकूर लागतात. मोबाइल गेम बनवायच्या कोकोस२डी-एक्समध्ये लुआ भाषेतला कोड लपवायला हाच असतो. तिथे कुणी ५९वा घात मोजत बसत नाही. किल्ली गेमच्या आतच असते, ती उचलतात.

आमचीही किल्ली चिपेच्या आत आहे. चिपेतलं बाहेरून वाचता येऊ नये म्हणून लॉक बिट लावले. ज्याच्या हातात स्टार्टरची पेटी आहे त्याला किल्लीची गरजच काय, हिरवं बटण समोर आहे.

२ मार्च, रविवार

मळ्यात बसवलं. वायरमन सौंदत्तीकडचा, कन्नड बोलणारा. पेटीवर काय लिहायचं, कुठल्या भाषेत, याची मी दोन दिवस काळजी केली होती. तो हसला, म्हणाला, आम्हीही "चालू माडरी, बंद माडरी" असंच म्हणतो. शब्द दोन्हीकडे तेच, फक्त लिपी दोनदा रंगवली.

रात्री सव्वाअकराला थ्री फेज आली. तात्यांनी घरातून दाबलं. सव्वातीन सेकंदांनी फोनवर करंट दिसला, पाणी पाटाला लागल्याचं सालगड्याने ओरडून सांगितलं. तात्यांचा फोनवरच्या आकड्यावर विश्वास नव्हता, ओरडण्यावर बसला.

९ मार्च, रविवार

आठवडाभर बिनतक्रार. एकदा ऊस भिजल्यावर सिग्नल पडला, अँटेना हातभर वर घेतली.

२०२३मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने छोट्या यंत्रांसाठी अस्कॉन हा सायफर निवडलाय. तो गुप्तता आणि शिक्का एकदमच देतो, माझ्यासारखं दोन किल्ल्यांचं शिवणकाम नको. खणातल्या चिपा संपल्या की मोठी चिप आणि तो.

बांधापलीकडचा शेतकरी संध्याकाळी शेडवर आला होता. त्यालाही असाच डबा हवाय. त्याच्या किल्ल्या नव्याने काढायच्या, डबा क्रमांक दोन. त्याचा जुना रिमोट मागून घेतला. आठ मोकळे जंपर भाच्याला दाखवायचेत.